अंड्याआधीचे अर्धे वर्ष

परसात आठ-दहा कोंबड्या पाळण्याची रीत महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत पूर्वापार चालत आलेली आहे, आणि तिच्याविषयीचा एक समजही तितकाच जुना आहे. परसातली कोंबडी आपली आपण जगते, उकिरडा उकरून पोट भरते, संध्याकाळी खुराड्यात परत येते आणि वर अंडीही देते, असा तो समज. पुरत्या वाढलेल्या कोंबडीच्या बाबतीत त्यात बरेच तथ्य आहे; परंतु नव्याने कोंबड्या पाळू लागलेल्या कुटुंबांचे सर्वाधिक नुकसान होते तेही याच समजामुळे, कारण ही कुटुंबे कोंबडी नव्हे तर पिल्ले आणतात, आणि आईवाचून आलेले एक दिवसाचे पिल्लू काही केल्या आपले आपण जगत नाही. पहिल्या वर्षाचा जवळजवळ अर्धा भाग अंड्यावाचून जातो, आणि पुढच्या अंड्यांचा सगळा हिशेब याच काळात, त्यातही पहिल्या आठ आठवड्यांत ठरून जातो.

हा विषय काही मोजक्या हौशी घरांपुरता नाही. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात सुमारे ८५ कोटी कोंबड्या व तत्सम पाळीव पक्षी मोजले गेले आणि त्यांपैकी जवळपास ३१ कोटी ७० लाख पक्षी परसातले होते. २०१२ च्या गणनेशी तुलना करता परसातल्या पक्ष्यांची वाढ सुमारे ४६ टक्के, तर एकूण पक्ष्यांची वाढ १७ टक्क्यांच्या आतबाहेर होती. मोठ्या व्यावसायिक फार्मांच्या काळातही परसातले खुराडे मागे पडले नाही, उलट अधिक वेगाने वाढले, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

कोंबडी माणसाजवळ आली ती धान्यामागे. तिचा मूळ पूर्वज म्हणजे लाल रानकोंबडा, जो भारताच्या उत्तर व ईशान्य भागापासून आग्नेय आशियापर्यंत रानांत आजही आढळतो. थायलंडमधील बान नॉन वाट येथील उत्खननात सापडलेली हाडे पाळीव कोंबडीचा आजवरचा सर्वांत जुना खात्रीचा पुरावा मानावीत, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मांडले गेले. ती हाडे इसवी सनपूर्व १६५० ते १२५० या काळातील असून भात व भरडधान्यांच्या कोरडवाहू शेतीमुळे रानपक्षी वस्तीकडे ओढला गेला असावा, असा त्या संशोधकांचा निष्कर्ष आहे. सह्याद्रीच्या रानांत दिसतो तो राखाडी रानकोंबडा ही वेगळी जात असली तरी तिचाही वाटा पाळीव कोंबडीत उतरलेला आहे, कारण अनेक कोंबड्यांच्या पायांना व कातडीला पिवळा रंग देणारे जनुक याच जातीकडून आले असल्याचे २००८ मध्ये दाखवले गेले. रानातली मादी वर्षाला जेमतेम १० ते १५ अंडी घालते आणि ती उबवायला बसते. गावरान कोंबडी साधारणतः ५० ते ८० अंडी देते, आणि व्यावसायिक पिंजऱ्यातील संकरित कोंबडी ३०० च्या वर जाते. अंड्यांची संख्या वाढवताना माणसाने निवडीतून जे कमी केले ते उबवण्याची ओढ आणि स्वतःला सांभाळण्याची चलाखी, आणि परसासाठी जात निवडताना हीच देवघेव समोर असते.

परसासाठी विकसित केलेल्या सुधारित जाती या दोन टोकांच्या मध्ये बसतात. हैदराबाद येथील केंद्रीय कुक्कुट संशोधन संचालनालयाने तयार केलेल्या वनराजा आणि ग्रामप्रिया, बंगळूर येथील कृषी विद्यापीठात तयार झालेली गिरिराज, तसेच इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेची कॅरी निर्भीक ही नावे महाराष्ट्रातील पशुपालकांच्या परिचयाची आहेत. यांपैकी वनराजा व गिरिराज मांस आणि अंडी अशा दुहेरी उपयोगाच्या, तर ग्रामप्रिया मुख्यतः अंड्यांची असून परसात योग्य खाद्य मिळाल्यास ती वर्षाला दीडशेच्या पुढे जाऊ शकते. मध्य प्रदेशातील झाबुआ भागातील काळा कडकनाथ, ज्याला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तो अंड्यांसाठी नव्हे तर मांसासाठी ओळखला जातो. अंड्यांच्या अपेक्षेने तो आणणाऱ्या कुटुंबाची निराशाच होण्याचा संभव अधिक. राज्य शासनाची पुणे, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर व नागपूर येथील मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे आणि खासगी हॅचरी यांच्याकडून पिल्ले मिळतात.

पिल्लू अंड्यातून बाहेर येण्याआधी शिल्लक राहिलेला बलक पोटात ओढून घेते आणि त्याच्या बळावर दोन दिवसांहून अधिक काळ दाण्यापाण्यावाचून तग धरू शकते. एक दिवसाची पिल्ले खोक्यात घालून दूरवर पाठवता येतात ती याच कारणाने. मात्र शरीराचे तापमान स्वतः राखण्याची शक्ती त्याच्यात नसते, कारण अंगावर असते ती केवळ लव, आणि खरी पिसे यायला चार-पाच आठवडे लागतात. आईच्या पंखाखालची ऊब कृत्रिमरीत्या देण्याला ब्रूडिंग म्हणतात. पत्र्याचा किंवा पुठ्ठ्याचा गोल कठडा, त्याखाली भाताच्या तुसाची दोन-तीन इंच जाड गादी, पहिले काही दिवस त्यावर कागद आणि वर टांगलेला विजेचा दिवा एवढे साहित्य त्याला पुरते. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीवर सुमारे ३५ अंश सेल्सियस तापमान लागते आणि पुढे दर आठवड्याला ते सुमारे तीन अंशांनी उतरवत न्यायचे असते. तापमापक नसला तरी पिल्लांचे वागणे पाहून ते कळते: पिल्ले दिव्याखाली एकमेकांवर चढून चिवचिवत असतील तर ऊब कमी आहे, चोची उघडून कठड्याला चिकटली असतील तर ती जास्त आहे, आणि सर्वत्र पसरून खात-पीत असतील तर ती योग्य आहे. रात्री वीज गेली की पिल्ले उबेसाठी ढीग करतात आणि तळाची गुदमरतात. म्हणून भारनियमनाच्या गावात घमेल्यातल्या निखाऱ्यांची, धूर न कोंडेल अशी सोय आधीच करून ठेवणे हा शहाणपणाचा भाग आहे.

ऊब सांभाळली तरी रोग उरतो, आणि परसातल्या कोंबड्यांचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे रानीखेत, ज्याला गावोगावी मानमोडी म्हणतात. हा विषाणुजन्य रोग १९२६ मध्ये जावा बेटावर व इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे ओळखला गेला आणि त्यानंतर लगेचच कुमाऊंतील रानीखेत येथे आढळला. हिरवट हगवण, धाप, लुळे पडणारे पंख आणि पिळवटलेली मान ही त्याची लक्षणे असून लस न टोचलेल्या कळपात तो शिरला तर काही दिवसांत खुराडे रिकामे होते. त्यावर उपचार नाही. लस मात्र चांगली आहे. पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास गंबोरो या रोगाची लस, चौथ्या आठवड्याच्या सुमारास लासोटाचा दुसरा डोस, सहाव्या आठवड्याच्या पुढे देवीची लस आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास आर टू बी ही रानीखेतविरुद्धची अधिक जोमदार लस असा क्रम साधारणतः सांगितला जातो. मुक्तेश्वर येथील पशुवैद्यक संस्थेत विकसित झालेली ही शेवटची लस टोचून दिली जाते आणि लहान पिल्लांना ती झेपत नाही, म्हणून वयाचा क्रम मोडता येत नाही.

अडचण लसीच्या किमतीची नसते, कुपीच्या आकाराची असते. लसीची कुपी शेकडो पक्ष्यांसाठी भरलेली असते, ती बर्फात ठेवून आणावी लागते आणि एकदा पाण्यात मिसळली की थोड्याच वेळात वापरून संपवावी लागते; परिणामी दहा पिल्लांच्या घरासाठी कुपी फोडणे कोणालाच परवडत नाही आणि लसीकरण टळते. वाडीतल्या दहा-पंधरा घरांनी एकाच आठवड्यात पिल्ले आणून एकाच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यातून लस आणली, तर ही अडचण पूर्णपणे सुटते. परसातल्या कुक्कुटपालनासाठी आजवर सुचवल्या गेलेल्या सर्व सुधारणांत ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित आहे, असे म्हणणे भाग आहे.

माघ-फाल्गुनात पिल्ले आणणाऱ्या कुटुंबाला निसर्गाची साथ मिळते, कारण वाढत्या उन्हाळ्यात ऊब कमी द्यावी लागते आणि पावसाळा लागेपर्यंत पक्ष्यांना पिसे येऊन ते सावरलेले असतात. दीड-दोन महिन्यांचे पक्षी दिवसा परसात सोडता येतात. ते किडे, गांडुळे, वाळवी, गवताचे बी, कोवळा पाला आणि घरातले खरकटे टिपतात. दाणा आधी गळ्याजवळच्या अन्नपिशवीत साठतो आणि नंतर पेषणीत, म्हणजे चिकनच्या दुकानात जिला पेटा म्हणतात त्या स्नायूंच्या पिशवीत, गिळलेल्या बारीक खड्यांच्या साहाय्याने भरडला जातो, कारण कोंबडीला दात नसतात. मात्र चरण्यावर पूर्ण पोट भरत नाही. लहान पिल्लांच्या खाद्यात सुमारे २० टक्के प्रथिने हवी असतात, आणि नुसती तांदळाची कणी किंवा ज्वारी देऊन ती भागत नाहीत. म्हणून पहिले दोन महिने पिल्लांचे तयार खाद्य, पुढे कणी, मक्याचा भरडा, शेंगदाण्याची किंवा सोयाबीनची पेंड, शेवग्याचा पाला, अझोला यांचा मेळ घालणे इष्ट ठरते. अंड्यावरच्या कोंबडीचे खाद्य वाढत्या पिल्लांना घालणे हे तर घातकच, कारण त्यातील भरपूर चुना, म्हणजे कॅल्शियम, त्यांच्या मूत्रपिंडांवर ताण आणतो.

पावसाळ्यात ओल हा मुख्य प्रश्न होतो. ओल्या गादीत रक्ती हगवणीचे सूक्ष्म परजीवी वाढतात आणि दमट खाद्यावर धरलेली बुरशी अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करते, जे यकृत निकामी करते. तूस रोज उलथणे, भिजलेले काढून टाकणे आणि खाद्य थोडे-थोडेच आणणे याहून वेगळा उपाय नाही. याच काळात रात्रीच्या निवाऱ्याची परीक्षा होते. घार दिवसा एखादे पिल्लू उचलते तेवढ्यावर भागते, परंतु कोंबडीला अंधारात दिसत नाही, त्यामुळे रात्री खुराड्यात शिरलेले रानमांजर झोपलेला सगळा कळप मारू शकते. जमिनीपासून उचललेले, प्रत्येक पक्ष्याला दीड-दोन चौरस फूट जागा देणारे, वारा खेळेल पण मुंगूस शिरणार नाही अशा बारीक जाळीचे आणि आत बसायला दांड्या असलेले खुराडे हा पहिल्या वर्षातला एकमेव मोठा खर्च असून त्यात काटकसर करू नये.

अडीच-तीन महिन्यांत नर आणि तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या, तुऱ्यांवरून स्पष्ट ओळखू येऊ लागतात. दुहेरी उपयोगाच्या जातींची पिल्ले सहसा लिंग न ओळखता विकली जातात, म्हणून निम्म्याच्या आसपास कोंबडे निघतात हे आधीच गृहीत धरावे लागते. अंडे घालण्यासाठी कोंबड्याची गरज नसते. पिल्ले काढायची असतील तरच आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा लागतो. उरलेले कोंबडे आषाढ अमावस्येच्या आधी चांगल्या भावाने जातात, कोकणात देवाच्या राखणीसाठी आणि गौरीच्या तिखट्या सणासाठी त्यांना मागणी असते, तर श्रावण लागला की ती एकदम खाली येते. मुलांनी नावे ठेवलेल्या पक्ष्यांबाबत हा निर्णय घेणे घराला जड जाते आणि त्याचा विचार पिल्ले आणतानाच झालेला बरा. कळपात बळकट पक्षी दुबळ्याला टोचतो आणि त्यातून एक उतरंड ठरते. नॉर्वेजियन प्राणिशास्त्रज्ञ थोर्लाइफ शेल्देरुप-एब्बे यांनी १९२० च्या दशकात तिचे पहिले शास्त्रीय वर्णन केले, आणि ते कोंबड्यांच्याच निरीक्षणातून. कोंबडे कमी झाले की तलंगांना दाण्यापर्यंत पोहोचता येते.

फाल्गुनातली पिल्ले सुमारे पाच-सहा महिन्यांची होतात तेव्हा श्रावण चालू असतो. तुरा लाल आणि टपोरा होतो, हात जवळ नेताच तलंग पंख किंचित पसरून खाली बसते, ती कोपरे धुंडाळू लागते, आणि पेंढा घातलेली टोपली आडोशाला ठेवलेली असेल तर पहिले अंडे तिथे मिळते. ते लहान असते, कधी बिनकवचाचे, कधी दोन बलकांचे, आणि त्यात काही वावगे नाही, कारण अंडे तयार करणारी यंत्रणा अजून लयीत यायची असते.

ही यंत्रणा समजून घेतली की कुटुंबाच्या बहुतेक शंका मिटतात. कोंबडीचा सहसा डावाच अंडाशय कार्यरत असतो. त्यातून सुटलेल्या बलकावर अंडनलिकेत पांढरा भाग व पातळ पापुद्रे चढतात आणि शेवटी कवच चढण्यासाठी ते गर्भाशयात सुमारे २० तास थांबते. एका अंड्याला एकूण २४ ते २६ तास लागतात. चक्र दिवसापेक्षा थोडे मोठे असल्याने रोजचे अंडे थोडे उशिरा येते, आणि ते दुपारपर्यंत ढळले की एक दिवस खाडा पडून चक्र पुन्हा सकाळपासून सुरू होते. असा खाडा म्हणजे आजार नव्हे. एका कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असते आणि ते बरेचसे रात्री, कोंबडी काही खात नसताना चढते. त्यामुळे संध्याकाळी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवल्यास त्याचा उपयोग होतो आणि तो मिळाला नाही तर हाडांतले कॅल्शियम खर्ची पडते. किनारपट्टीवर तिसऱ्या आणि कालवांच्या कवचांचा ढीग घरामागेच पडलेला असतो, तो कुटून घातला की काम भागते.

कवचाचा रंग जातीवर अवलंबून असतो आणि तपकिरी अंडे पांढऱ्याहून अधिक पौष्टिक नसते. बलकाचा गडद केशरी रंग मात्र हिरवा पाला, मका यांतील रंगद्रव्यांमुळे येतो आणि मोकळ्या चरणाऱ्या कोंबडीच्या अंड्यात तो सहज दिसतो. कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात आणि त्यांवर नैसर्गिक लेप असतो, म्हणून अंडी धुऊन साठवू नयेत. धुवायची तर वापरण्याच्या वेळी.

घडी बसते न बसते तोच दिवस लहान होऊ लागतो. पक्ष्याच्या मेंदूतील प्रकाशग्राही पेशींना कवटीतून झिरपणारा उजेडही जाणवतो आणि त्याच्या प्रमाणावर अंडाशयाला चालना देणारी संप्रेरके स्रवतात. चौदा तासांच्या वर उजेड मिळाला तर उत्पादन उत्तम राहते. महाराष्ट्रात सर्वांत मोठा दिवसही सव्वातेरा तासांच्या आसपास असतो आणि मार्गशीर्ष-पौषात तो अकरा तासांवर येतो. कोंबड्या तेव्हा अंडी कमी करतात, आणि कोणी तरी दृष्ट लावली असा निष्कर्ष काढण्यापेक्षा पहाटे दोन-तीन तास छोटा दिवा लावणे हा खरा उपाय आहे. तो करावाच असे नाही; कमी अंड्यांचा हंगाम पक्ष्याला विश्रांती देतो, आणि घरापुरत्या पाळणीत ही विश्रांती देणे योग्यच आहे. पुढे चैत्र-वैशाखात उलट संकट येते. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात, ती धापा टाकून अंग निववते, आणि धापांबरोबर कार्बन डायऑक्साइड अधिक बाहेर गेल्याने कवचासाठी लागणारा कार्बोनेट कमी पडून कवच पातळ होते. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हात म्हणून मातीच्या भांड्यातले थंड पाणी, छपरावर पाचटाचे आच्छादन आणि बाजूंना ओली पोती ही औषधाइतकीच आवश्यक असतात.

गावरान कोंबडी काही अंडी झाल्यावर खुडूक होते, म्हणजे उबवण्यासाठी बसून राहते आणि अंडी बंद करते. सुधारित जातींत ही प्रवृत्ती क्वचितच उरली आहे. म्हणून जाणती घरे कळपात एक-दोन गावरान कोंबड्या आवर्जून ठेवतात आणि आठवड्याच्या आतली ताजी दहा-बारा अंडी त्यांच्याखाली घालतात; २१ दिवसांनी निघालेल्या पिल्लांना दिव्याची गरज उरत नाही, कारण ते काम त्यांची पालक आई करते. विकतच्या पिल्लांच्या पहिल्या फळीनंतर दुसरी फळी अशी घरातच तयार होणे, हीच या पाळणीची खरी बैठक आहे.

पैशाचा हिशेब थोडक्यात असा. दहा कोंबड्यांना चरण्याखेरीज रोज प्रत्येकी ६० ग्रॅम पुरवणी खाद्य दिले तर महिन्याला १८ किलो लागते. पूर्ण बांधून ठेवल्यास हाच आकडा ३३ किलोंच्या पुढे जातो, आणि तेवढे खाद्य विकत घेऊन घरची अंडी बाजारापेक्षा स्वस्त पडत नाहीत. परसाची जमीन, त्यातले किडे व पाला हाच नफा आहे. पोषणाच्या दृष्टीने पाहिले तर माणशी वर्षाला १८० अंडी असावीत अशी शिफारस केली जाते आणि देशातील उपलब्धता त्याहून बरीच कमी, माणशी शंभरच्या थोडी वर आहे. पाच जणांच्या घराची ९०० अंड्यांची गरज दीडशे अंडी देणाऱ्या सहा कोंबड्या भागवू शकतात. विक्रीतून येणारी रक्कम लहान असली तरी ती बहुधा घरातल्या बाईच्या हाती राहते, कारण दाणा घालण्यापासून संध्याकाळी खुराडे लावण्यापर्यंतचे काम तिचेच असते, आणि वही, औषध, तेल-मीठ असे खर्च कोणाला न विचारता भागवण्याचे हे तिचे हक्काचे साधन ठरते. सरकारी योजनांत या कामाची गणना पूरक व्यवसाय म्हणून होते. ज्या घरात रोख रक्कम क्वचित दिसते तिथे या शब्दाने त्याचे मोल कमी लेखले जाते.

वर्ष सरताना नव्या पिल्लांचा किंवा बाजारातून कोंबडी आणण्याचा विचार सुरू होतो, तेव्हा एक दक्षता घ्यावी लागते. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातील पहिला बर्ड फ्लू आढळला आणि रोगनियंत्रणासाठी त्या परिसरातील फार्मांबरोबर परसातले पक्षीही नष्ट करावे लागले. आठवडी बाजारातून आणलेला पक्षी किमान दोन-तीन आठवडे वेगळा ठेवणे, त्याची भांडी वेगळी ठेवणे आणि खुराड्यात एकाएकी अनेक पक्षी मेले तर ते न विकता, न खाता जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला त्याच दिवशी कळवणे बंधनकारक समजावे. जुन्या कोंबड्यांची पिसे याच सुमारास झडू लागतात आणि नवी येईपर्यंत, म्हणजे दोन-तीन महिने, अंडी थांबतात किंवा अगदी कमी होतात. नंतरच्या वर्षी अंडी संख्येने थोडी कमी, पण आकाराने मोठी मिळतात. त्या कोंबड्या ठेवायच्या की विकायच्या हे ठरवताना प्रत्येकीने घातलेल्या अंड्यांची खडूने भिंतीवर केलेली नोंद उपयोगी पडते, आणि पिसे उशिरा व झपाट्याने झडणारी कोंबडी बहुधा कळपातली सर्वांत चांगली अंडी देणारी असते, म्हणून तिची बोडकी अवस्था पाहून तिलाच आधी विकण्याची घाई करू नये.